हात वर करा

लातूरच्या त्या अध्यापक विद्यालयात ज्योत्स्नाबाईंना खऱ्या नावानं विचारलं तर कुणी चटकन सांगणार नाही. ‘कशावरून मॅडम’ म्हणा, शिपाईसुद्धा बोट करून खोली दाखवील. डी.एड.च्या पोरापोरींनी काहीही बोलावं, की मॅडम, मारल्याशिवाय मुलं शिकत नाहीत, की मॅडम, वहिनीचा पायगुण चांगला म्हणून भावाला नोकरी लागली, बाईंचा सवाल ठरलेला : कशावरून? पोरं बेजार व्हायची. एकदा एका मुलीनं ताप आलाय म्हणून रजा मागितली आणि सवयीनं बाईंच्या तोंडून निघून गेलं, ‘कशावरून?’ ती पोरगी रडकुंडीला आली आणि बाकीचा वर्ग बाकं बडवून हसला.

हा शब्द त्यांच्या बापाचा, व्यंकटरावांचा. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ज्योत्स्नाबाई तिसरीत होत्या. त्यांची गल्ली लातुरात, घर शाबूत राहिलं, पण पुढं कितीतरी दिवस माणसं पोराबाळांसकट मैदानात झोपायची, कारण रोज आवई उठायची : आज पुन्हा होणार, कालच्यापेक्षा मोठा होणार. व्यंकटराव एका सकाळी त्या आवईच्या मागंच लागले. तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? असं विचारत विचारत ते रेणापूर नाक्यावरच्या चहावाल्यापाशी पोचले. तो चहावाला कपाळावर हात मारून म्हणाला, “व्यंकटराव, खुळे का काय! पहाटं तुमीच तर म्हणलाव!” व्यंकटराव घरी येऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “पोरी, मी नुसतं इचारलं होतं, आज होणार का? गावानं त्यातला ‘का’ तेवढा गाळला.”

ही गोष्ट बाई दर वर्षी पहिल्या तासाला सांगायच्या. पोरं हसायची, बाईही हसायच्या. मागच्या उन्हाळ्यापासून मात्र सांगत नाहीत.

झालं ते असं. मार्चच्या सुरुवातीला बाई कारण कसं शोधावं हे शिकवत होत्या. दोन तासांचा विषय. पहिल्या तासाला त्यांनी सांगितलं, एखादी गोष्ट ज्यांना ज्यांना झाली, त्या सगळ्यांत सारखं काय आहे ते हुडका. पुढच्या तासाला सांगायचं होतं, आता ज्यांना झाली नाही, त्यांच्याकडं जा. तेच सारखेपण त्यांच्यातही निघालं तर तुमचं कारण गेलं पाण्यात. हा दुसरा अर्धा भाग म्हणजेच खरा विषय. पण वरून फर्मान आलं, आंतरवासिता लवकर सुरू करा. म्हणजे शिकाऊ पोरांनी लगेच खेड्यातल्या शाळांत जायचं आणि तिथं पाठ घ्यायचे. बाई म्हणाल्या, जाऊ द्या, राहिलेलं परत आल्यावर घेऊ. आपल्याकडं शिकवणारी माणसं हे वाक्य किती सहज म्हणतात! अर्धी भाकर उद्यासाठी ठेवावी तितक्या सहज.

सोमेश नावाचा पोरगा रेणापूर तालुक्यातल्या एका गावात गेला. गावाचं नाव सांगत नाही; माणसं तिथं अजून राहतात. सोमेश गुणी, मन लावून ऐकणारा. पंधरवडा झाला असेल, भर दुपारी त्याचा फोन आला.

“मॅडम, शाळेत पोरी भुंकायल्यात.”

बाईंना आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग फोनमधूनच त्यांना तो आवाज आला. कुत्र्याचा नव्हता, आणि धड माणसाचाही नव्हता. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. कुणीतरी मोठी बाई ‘माय गं, माय गं’ करत होती.

सातवीतली मंजुश्री पहिली पडली होती. तोंडाला फेस नाही, ताप नाही. डोळे पांढरे करायची, हातपाय ताठ करायची आणि भुंकायची. मग तिच्या बाकावरची, मग मागच्या बाकावरची, अशा सातजणी झाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासलं आणि शरीरात काही दोष नाही म्हणून सांगितलं. शरीरात दोष नाही म्हटल्यावर गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. भानामती! आमच्या मराठवाड्यात हा शब्द निघाला की शिकलेला माणूससुद्धा एकदा मागं वळून बघतो. भानामती आपोआप होत नाही, ती कुणीतरी करतं. आणि ते ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा एकटी, म्हातारी आणि गरीब बाई असते, हे काय मी नव्यानं सांगावं?

“तू काय केलंस?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही शिकवलं तेच केलं, मॅडम,” सोमेश म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी ऐट होती. “सातीजणींना उभं केलं आन् सारखं काय ते हुडकलं. हापशाचं पाणी कोण पितं, हात वर करा. तिघींचेच झाले. शिळं कोण खाऊन आलं? दोघींचे. शाळेची खिचडी कोण खातं? मॅडम, सगळे हात वर! म्हणलं, कारण खिचडीत असू शकतं. तेल खराब असंल, तांदूळ असंल. विषबाधा असंल न्हाई का?”

“आणि ज्यांना काही झालं नाही त्यांना विचारलंस?”

तो म्हणाला, “ते तर शिकवलं न्हाई, मॅडम.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर नशीब. आंतरवासितेत पाठाचा व्हिडिओ काढून ठेवावा लागतो, म्हणून सोमेशनं जोडीदाराकडून व्हिडिओ काढून घेतला होता आणि हौसेनं मोबाईलच्या स्टेटसला लावला होता : ‘चिकित्सक विचार, कृतीतून.’ संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर गेला. सात पोरी, सात हात वर, आणि डी.एड.चा सर सांगतोय, कारण खिचडीत आहे. जेवणं उरकेपर्यंत गावानं खिचडीतलं कारण उचलून खिचडीवालीत ठेवलं. शाळेतल्या सरानं परीक्षा घेऊन सिद्ध केलंय म्हणे. आता कुणाची काय बिशाद नाही म्हणायची!

खिचडीवाली म्हणजे सरजाबाई. साठीच्या आसपासची, नवरा कधीच गेलेला, लेक कंधारला दिलेली. भीमनगरात एक खोली. बारा-तेरा वर्षं त्या शाळेत चूल पेटवत होती. लेकरांना ‘राजा, सोन्या’ केल्याशिवाय वाढायची नाही. ज्योत्स्नाबाई पाठ बघायला त्या शाळेत जायच्या तेव्हा ही वर्गाच्या खिडकीशी पातेलं घासत उभी राहायची आणि तास ऐकायची. एकदा तिनं मुख्याध्यापकांनाच अडवलं होतं. ते म्हणाले, मावशी, आज मीठ जास्त झालं. सरजाबाई म्हणाली, “कशावरून?” बाई त्या दिवशी पोटभर हसल्या होत्या आणि तिच्या हातची खिचडी दोनदा मागून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी बाई काळीपिवळीत बसून निघाल्या. ड्रायव्हरनं गावाचं नाव ऐकलं आणि आरशातून बघितलं. “तितं कामून जायल्यात? तितं लई बेकार चालू हाय. परवा अमावस्या. जाणता येणार हाय, नाव काढणार हाय.” नाव काढणं म्हणजे भानामती कोण करतं ते जाणत्यानं सगळ्यांसमोर सांगायचं. आणि नाव निघालं की मागच्या पिढीत त्या बाईचे दात पाडायचे, मंत्र म्हणता येऊ नये म्हणून. बाईंनी लहानपणी तशी एक म्हातारी पाहिली होती. ती हसायची तेव्हा पदर तोंडाशी न्यायची. आता कायदा झालाय हे खरं. पण कायदा तालुक्याला राहतो.

गावात शिरताना बाईंना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की कुणी बोलत नव्हतं. पारावर माणसं होती, दुकानांत माणसं होती, पण बाईंची चाहूल लागली की आवाज बंद व्हायचे. भीमनगराच्या तोंडाशी सरजाबाईच्या दारावर कुणीतरी करणीवर उतारा म्हणून बिब्बे खोचले होते. दार आतून लावलेलं होतं. बाईंनी हाक मारली तेव्हा फटीतून एक डोळा दिसला.

“मावशी, मी ज्योत्स्ना. दार उघडा.”

“नका थांबू इथं, बाई,” आतून आवाज आला. “तुमच्यावर बी आळ घेतील. साळंत जावा. तितं सगळे जमलेत.”

शाळेच्या पटांगणात खरंच सगळं गाव जमलं होतं. मुख्याध्यापक बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, मला ह्याच गावात नोकरी करायचीय. तुम्ही काय बोलायचं ते बोला, माझं नाव मधे आणू नका.” सोमेश भिंतीला लागून उभा होता, रात्रभर झोप नसलेल्या तोंडानं. बाईंनी त्याला पुढं बोलावलं.

“राहिलेला दुसरा तास आता घ्यायचा,” त्या म्हणाल्या. “तूच विचार.”

सोमेशनं शाळेच्या सगळ्या लेकरांना रांगेत उभं केलं आणि मोठ्यानं विचारलं, “ज्यांना काहीच झालं नाही, त्यांनी ऐका. तुमच्यापैकी सरजामावशीच्या हातची खिचडी कोण कोण खातं? हात वर करा.”

हातच हात. पटांगण हातांनी भरून गेलं. बाईंनी गावाकडं वळून सांगितलं, “बघा. सगळी शाळा तिच्या हातचं खाते. मग सातजणींनाच का झालं? खिचडीत काही असतं, तिच्या हातात काही असतं, तर ही सगळी लेकरं धडधाकट कशी?”

क्षणभर बाईंना वाटलं, जमलं. एकदोन बायांनी एकमेकींकडं पाहिलंसुद्धा. आणि मग मागून एक आवाज आला, अगदी शांत :

“म्हंजी ह्या सगळ्यांचा नंबर अजून यायचाय.”

पटांगणातून एक कण्हल्यासारखा आवाज निघाला. आया धावल्या. वर झालेले हात धरून, ओढून त्यांनी आपापली लेकरं रांगेतून काढली. एकीनं लेकराच्या तोंडात बोटं घालून ओकवायला घेतलं. बाई ओरडत होत्या, “ऐका, अहो ऐका तरी,” पण ऐकतं कोण? त्यांच्याच हातानं त्यांनी सातांची सगळी शाळा केली होती.

एवढ्यात त्यांची नजर मंजुश्रीवर गेली. ओट्यावर आजीच्या, शांतम्माच्या, मांडीला टेकून ती बसली होती. कुशीत दप्तर आणि दप्तराशेजारी स्टीलचा डबा. बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या घराण्यात सरजाबाईच्या हातचं पाणी चालत नाही, त्या घरची ही पोर. त्याचं कारण तोंडानं कुणी बोलत नसे, पण सगळ्या गावाला माहीत होतं. आणि सोमेशच्या व्हिडिओत हिचाही हात वर होता!

“मंजुश्री,” बाई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या, “बाळा, तू खिचडी खातेस?”

पोरीनं आजीकडं पाहिलं, मग सोमेशकडं, मग जमिनीकडं. उत्तर आलं ते शांतम्माकडून, फणकाऱ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. “आमच्या घरचं लेकरू तिच्या हातचं खाईल? काय बोलायल्यात, बाई! पहिलीपासून डबा हाय तिचा. एक शीत न्हाई खाल्लं कधी!”

“मग हात का वर केलास?” बाईंनी हळूच विचारलं.

“सरांनी सांगितलं,” मंजुश्री पुटपुटली. “सगळ्यांनी केला.”

अहो, हे कुणाला नवीन आहे? आपल्या शाळांत सरांनी ‘हात वर’ म्हटलं की हात वर जातात. समजलं का, हात वर. नाही समजलं का, तरी हात वर. पाहणी करणारे साहेब खूश होतात, प्रतिसाद उत्तम म्हणून शेरा देतात. ह्या हातांवर कधी कुणाचा जीव तोलला जाईल असं कुणाच्या डोक्यात आलं होतं?

“ऐकलंत?” बाई उभ्या राहिल्या. आवाजात आनंद होता. “जी पहिली पडली, तिनं सरजाबाईच्या हातचं कधी खाल्लंच नाही. तिच्या आजीनंच सांगितलं. मग हिला झालं कसं?”

शांतम्माचं तोंड उघडं राहिलं. तिच्या तोऱ्यानंच तिची साक्ष पालटली होती. मंजुश्रीनं बाईंचा पदर चिमटीत धरला होता आणि काहीतरी सांगत होती. बाईंनी कान खाली नेला. “सातवी झाल्यावर माझी शाळा बंद करणारेत. रेणापूरला पाठवणार न्हाईत.” बस, एवढंच. इतक्या माणसांनी इतके सवाल केले, पण तुला काय होतंय हे त्या पोरीला कुणी विचारलं नव्हतं.

बाई हे गावाला सांगणार, तेवढ्यात तोच मघाचा शांत आवाज पुन्हा आला.

“खायला कामून लागतंय? नजरंनं बी होतंय. खाल्लं न्हाई म्हणून तर हिच्यावर पहिला राग काढला.”

आणि गाव सुटल्यासारखं झालं. बरोबर, बरोबर! खाल्लं म्हणून झालं, नाही खाल्लं म्हणूनही झालं. झालं त्यांना तिनं केलं, नाही झालं त्यांना ती करणार आहे. कुणीतरी बाईंकडं बोट करून म्हणालं, “ही बी तिच्यातलीच हाय, तिचीच बाजू घ्यायची,” आणि बाईंच्या आजवरच्या सगळ्या शिकण्या-शिकवण्याचं मोल एका वाक्यात ठरलं. एक दगड सणसणत आला आणि स्वयंपाकाच्या शेडच्या पत्र्यावर आदळला. त्या आवाजानं सातीजणी एकदम भुंकायला लागल्या.

बाई घाबरल्या. लपवण्यासारखं त्यात काय आहे? त्या सोमेशचा हात धरून भीमनगराकडं जवळजवळ पळतच गेल्या. तालुक्याला पोलिसांना फोन केला. गाडी निघतेय, असं उत्तर मिळालं. गाडी येईपर्यंत थांबायची बाईंची छाती नव्हती. सरजाबाईला त्यांनी एका पिशवीनिशी बाहेर काढलं. काळीपिवळीवाला आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, मागं बसवा, तोंड झाकून घ्या. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. कुणी हात उगारला नाही. नुसती बघत होती, आणि सरजाबाई जवळ येताच आपल्या लेकरांचे डोळे हातानं झाकत होती. “राजा,” म्हणून तिनं एका लेकराला हाक मारली. त्याच्या आईनं त्याला उचलून घरात नेलं आणि दार लावून घेतलं.

त्याच दिवशी तिला कंधारला लेकीकडं पोचवलं. जीव वाचला. जाणता आला तेव्हा नाव काढायला सरजाबाई गावात नव्हती. कॉलेजात सगळ्यांनी बाईंचं कौतुक केलं.

तिकडं शाळेला आठवडाभर सुटी दिली गेली. पोरी आपापल्या घरी, एकमेकींपासून लांब. मंजुश्रीला मावशीकडं उदगीरला धाडलं, तिथं तिला आवडायचं. शाळा उघडली तेव्हा कुणी पडलं नाही, कुणी भुंकलं नाही. एकीचं बघून दुसरीला होतं, त्यामुळं लांब ठेवल्यावर हे असंच होईल हे बाईंना माहीत होतं. पण गावानंही आपला निकाल लावून टाकला होता. सोमेशला चहाच्या टपरीवर एकानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “सर, तुमचा इलम खरा निघाला. ती गेली आन् थांबलं.” सोमेश म्हणाला, कशावरून? तो माणूस हसला. “आता आनी कशावरून! ती गेल्यावर थांबलं, ह्याच्यावरून.”

सोमेशनं हे बाईंना येऊन सांगितलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडला. बाईंनी त्याला काही शिकवलं नाही.

शाळांचे निकाल लागले त्या सुमारास कंधारहून फोन आला. सरजाबाईच होती.

“बाई, हितं शेजारची एक पोर पडली काल. चक्कर आली म्हणत्यात.”

“ऊन किती आहे मावशी. उपाशी असेल.”

“हाव, आसंल.” मग म्हणाली, “अजून कुणी काय म्हणलं न्हाई मला. पर मीच इचार करायले, बाई. तुमचं ऐकून ऐकून सवय लागली बघा. तितं होते तर तितं झालं. तितून गेले तर तितलं थांबलं. हितं आले तर हितं झालं. मला काय मंतर-बिंतर येत न्हाई, लेकीच्या गळ्याची आन. पर मलाच ठाऊक न्हाई असं माझ्यात काय असंल, तर? कशावरून न्हाई म्हणू?”

उत्तर होतं त्यांच्याकडं, एक सोडून दहा होती. गावात किती पोरी उन्हानं पडतात ते विचारा, तुम्ही यायच्या आधी किती पडल्या ते विचारा. त्यांच्या तोंडून त्यातलं काहीच बाहेर पडेना.

“मावशी,” त्या कशाबशा म्हणाल्या, “मी उद्याच्या गाडीनं येते. तुमच्यापाशी बसते. तुमच्या हातची भाकर खाते, मग बघू मला काय होतं ते.”

“या, बाई. जरूर या.” सरजाबाईचा आवाज एकदम उजळला, आणि मग तितकाच खाली गेला. “पर भाकर संगं बांधून आणा. माझ्या हातचं नको.”